खिळ्याला टांगलेला मग

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावी, आमच्या घरी फोन वाजला. इसाकभाईंच्या मुलीने एकच वाक्य सांगितले : बाबा पहाटे गेले. मी 'बरे' म्हणालो आणि फोन ठेवला. शब्द सुचणे हे त्यांचे काम होते, माझे नव्हे.

इसाकभाई केपटाउनचे. आजोबा रत्नागिरीकडून बोटीने तिकडे गेलेले, त्यामुळे घरात मराठी टिकली होती. वर्णभेदाविरुद्ध बोलल्याने शिक्षकाची नोकरी गेली, मग देशही सुटला. १९७२ साली ते ब्रेडात आले. मी तेव्हा इथल्या एका कारखान्यात अभियंता होतो. परक्या गावात मराठी ऐकून मी त्यांना चहाला बोलावले. आम्ही पतिपत्नींनी गावाहून आणलेल्या स्टीलच्या पेल्यांतून चहा घेतला. त्यांना काचेच्या कपात दिला. परधर्मीयाचे उष्टे भांडे आपल्यात मिसळू नये, ही आमच्या घराची जुनी चाल. त्यांनी कप पाहिला, पेले पाहिले आणि चहा संपवला.

पुढच्याच आठवड्यात इथल्या ग्राहक मंडळाची सभा होती. मंडळाच्या दुकानात दक्षिण आफ्रिकेची संत्री ठेवावीत की नाही, यावर मतदान व्हायचे होते. "फळांना कसले आले राजकारण?" अध्यक्ष म्हणाले. सभा हसली. इसाकभाई उभे राहिले. त्यांच्या डचला तिकडच्या आफ्रिकान्स भाषेचा हेल होता. लोक त्यालाही हसले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"माझी आई एका गोऱ्या घरी स्वयंपाक करायची. तिच्या हातचं जेवण चालायचं. तिचा पत्र्याचा मग मात्र परसदारी खिळ्याला. मालकीण भली बाई. आईनं एकदा विचारलं, बाईसाहेब, माझा मग आत ठेवू का? त्या म्हणाल्या, माझी हरकत नाही गं, पण लोक काय म्हणतील?"

ते थांबले. खूप वेळ...

"त्या लोकांना मी लहानपणापासून शोधतोय. आज भेटलात, म्हणून विचारतो. तुम्ही काय म्हणाल?"

आणि ते खाली बसले. संत्र्यांचा उच्चारही केला नव्हता. संत्री नकोत म्हणून पहिला हात अध्यक्षांचा वर गेला. एवढ्या थोड्या शब्दांत एवढी माणसे हललेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

बाहेर सायकलींपाशी मी म्हणालो, "इसाकभाई, त्या दिवशीचा कप... ती आमच्या हिच्या माहेरची सवय."

"वहिनींची?"

"हो."

ते सभेत थांबले होते तसेच थांबले. ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, हे मला कळले. मी गप्प राहिलो. कप मी स्वतःच वेगळा काढला होता.

"बरं, भाऊ," ते टोपी घालत म्हणाले, "चहा मात्र फक्कड होता."

पुढच्या खेपेस मी त्यांना माझ्या वडिलांचे नाव कोरलेला पेला दिला आणि काचेचा कप स्वतः घेतला. त्यांनी नाव वाचले. "वडलांना विचारलंत का?" म्हणाले, आणि मोठ्याने हसले. मग दर शनिवारी हेच. त्यांच्या देशात सर्वांना मताचा हक्क मिळाला. ते जाऊन मत देऊन आले आणि पुढच्या शनिवारी त्याच पेल्यातून चहा प्यायले. कप मात्र मी दर वेळी धुऊन वरच्या वेगळ्या फळीवरच ठेवीत असे. त्यांना तो बसल्या जागेवरून दिसे.

त्या शुक्रवारी मी पत्नीला, सुमतीला, बातमी सांगितली. मग म्हणालो, "त्या कपाचं खापर मी तुझ्यावर फोडलं होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं, त्याच महिन्यात. म्हणाले, वहिनी, भाऊ एक दिवस तुमच्यापाशी काहीतरी कबूल करतील. तोवर रागावू नका."

"आणि तू रागावली नाहीस?"

"रागावले तर. पण त्यांना शब्द दिला होता."

सभेपुढे ते मिनिटभर थांबले असतील. माझ्यासाठी तेहेतीस वर्षे थांबले.

संध्याकाळी मी स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा कप खाली काढला, धुतला, पुसला आणि पेल्यांच्या रांगेत, वडिलांच्या नावाशेजारी, पालथा घातला.