गुलाब मास्तरची झोप

गुलाब सोमकुंवर वर्गात कधी खुर्चीवर बसत नसे. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत त्याच्या येरझारा चालत. दारापासून फळ्यापर्यंत, फळ्यापासून खिडकीपर्यंत, मग पोरांच्या रांगांमधून मागच्या भिंतीपर्यंत आणि परत. लोधीखेड्यापासून आत, संत्र्याच्या बगिच्यांमधल्या त्या गावात लोक म्हणत, नवा मास्तर मोठा मेहनती आहे. खरी गोष्ट एकट्या गुलाबला माहीत होती. बसला की तो झोपत असे.

जेवणानंतर सगळ्यांनाच येते तशी ही पेंग नव्हती. रात्रभर बाजेवर पडून राहिलं तरी सकाळी दहाच्या उन्हात ती चालून येई. आधी पापण्यांवर ओझं पडे, मग समोरच्या पोरांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून येत, आणि त्यानंतर काही हातात राहत नसे. तिला हुसकावायला गुलाबने नाना उपाय केले. खिशात वाळलेली लाल मिरची ठेवून तिचा तुकडा चावायचा. माठातलं पाणी मानेवर ओतायचं. मांडीला चिमटे काढून काढून तिथली कातडी काळीनिळी झाली होती.

हे सुरू झालं ते मास्तरकीचं ट्रेनिंग घेत असताना. बाप मोतीराम दुसऱ्याच्या बगिच्यात मजुरीने राबायचा. दुपारी भाकरीला घरी यावं तर पोरगा पुस्तकावर आडवा. "तुले शिकाले पाठवलं का झोपाले?" असं मोतीराम ओरडे आणि गुलाब धडपडून उठे.

तरी तो पास झाला आणि त्र्याऐंशी साली नोकरीला लागला. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी, म्हणून वस्तीने बुद्धविहारासमोर त्याला हार घातला. शाळेत पाच मास्तर होते आणि त्यांत बौद्ध वस्तीतला तो एकटा. दुसरा कोणी डुलकी काढताना दिसला तर लोक म्हणाले असते, रात्री जागरण झालं असेल. आपल्याबद्दल काय म्हणतील, हे गुलाबला न सांगताही कळत होतं.

आणि एक दिवस ते घडलंच. हेडमास्तर रघुनाथरावांनी सगळ्यांना बैठकीला बसवलं. तिथे येरझारा घालायची सोय नव्हती. गुलाबने मिरची चावली, पायाचा अंगठा चपलेत दाबून धरला. डोळे उघडले तेव्हा खोली शांत होती आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"झोपू द्या न सर," गुणवंता मास्तर म्हणाला. "सरकारचे जावई हायेत ते."

दोघे-तिघे हसले. रघुनाथराव हसले नाहीत, पण बैठक संपल्यावर त्यांनी गुलाबला थांबवून घेतलं. "गांजाबिंजा तर नाही न घेत? खरं सांग."

"नाही सर. सुपारीही नाही खात."

"मग काय होऊन राहिलं तुले?"

त्या दिवसापासून त्याच्या येरझारा आणखी वाढल्या. पण उभ्याने तरी सुटका कुठे होती? एकदा तो फळ्यावर गणित लिहीत होता. एका शेतकऱ्याजवळ बारा बैल, इथपर्यंत अक्षर ठीक होतं. पुढे खडू चालतच राहिला आणि गणित कुठल्या कुठे गेलं : बैल विहिरीत शाळा शाळा पाणी बैल. त्याखाली नुसत्या वाकड्या रेघा. भान आलं तेव्हा पोरं मान खाली घालून ते सगळं मन लावून पाटीवर उतरवून घेत होती. गुलाबने फळा पुसला. झोपेत आपला हात काम करतो, मग तो आणखी काय काय करत असेल, या विचाराने त्याला घाम फुटला.

पुढच्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या पुष्पाशी त्याचं लग्न झालं. पुष्पा बोलघेवडी. कोणाचीही नक्कल करायची, तर तो माणूस समोर उभा राहायचा. घर तिच्यामुळे हसत असे. गुलाब मात्र ओठ आवळून बसे, नाहीतर तिची नक्कल रंगात आली की काम काढून बाहेर निघून जाई. पुष्पाला ते लागलं. नवऱ्याला आपण आवडलो नाही, असंच ती धरून चालली.

एका संध्याकाळी अंगणात ती सासऱ्यांची नक्कल करत होती. मोतीराम बकरीला शिस्त लावतो आणि बकरी त्याचं धोतर खाते, अशी. मोतीराम स्वतः हसून हसून खोकायला लागला. गुलाब ताट धुवायला निघाला होता. त्याने एकदाच वळून पाहिलं आणि त्याला मनापासून हसू आलं. हसला तसे त्याचे गुडघे ढिले पडले, मान छातीवर कोसळली, हातातलं ताट खणखणत गेलं आणि तो होता तिथेच जमिनीवर ढासळला.

फिट आली समजून शेजारीपाजारी धावले. "मिरगी हाय! जोडा हुंगवा!" कोणीतरी चप्पल नाकाशी धरली. गुलाबला सगळं ऐकू येत होतं. चपलेचा वास येत होता, मायचं रडणं कळत होतं. शेजारची बाई हळूच म्हणाली, "मिरगीवाला पोरगा पोरीच्या गळ्यात मारला वं." तेही त्याने ऐकलं. पण बोट हलवायची ताकद अंगात नव्हती. मिनिटभराने अंगात जीव आला आणि तो उठून बसला, जणू काही झालंच नव्हतं.

बातमी पांढुर्ण्याला पोचायला वेळ लागला नाही. पुष्पाचा मोठा भाऊ प्रकाश पहिल्या बसने आला. उंबऱ्यात उभं राहूनच म्हणाला, "पुष्पे, कपडे भर."

पुष्पाने गुलाबकडे पाहिलं. "शेजारीण काय म्हणाली, ते तुमाले ऐकू आलं होतं?"

"हाव," गुलाब म्हणाला आणि त्याने ते शब्दन्‌शब्द सांगितलं.

"दादा, मिरगीत माणसाले शुद्ध राहते का?" पुष्पा भावाकडे वळली. "हे दुसरं काही हाय. डॉक्टर काय म्हणते ते पाहू दे आधी. मंग येतो मी, यायचं असलं तर." प्रकाश चहाही न घेता परत गेला.

रात्री गुलाबने तिला सगळं सांगितलं. ट्रेनिंगच्या वेळी मित्राच्या विनोदावर हसताना असाच पडलो होतो, चक्कर आली म्हणून निभावून नेलं, तेव्हापासून हसणंच सोडलं. पुष्पा म्हणाली, "म्हणजे माह्यावर राग नव्हता तुमचा?"

सौंसर या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरने मनापासून तपासलं. रक्त कमी असेल म्हणून लोहाचं औषध दिलं, पोटातल्या जंतांचं दिलं. या भागात बौद्ध घरांमधून सिकलसेलचा आजार असतो म्हणून तीही तपासणी झाली. ती चांगली निघाली. छातीचा फोटो साफ आला. लघवीत साखर नव्हती. कशातच काही सापडेना, तेव्हा पडण्याची हकीगत ऐकून त्याने मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तर कहरच केला. गुलाब आता मिरची चावता चावताच झोपू लागला. मोतीराम बगिच्यात न जाता दारात बसून राहू लागला. पोरगं दिवसेंदिवस हातचं चाललं, असं त्याला वाटे.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात गुलाब सायकलने शाळेत निघाला. पाय पायडल मारत राहिले, डोळे मिटले, रस्ता वळला आणि सायकल सरळ गेली. बगिच्याच्या कडेच्या नालीत तो कोसळला. उजव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सौंसरहून त्याला नागपूरला धाडलं. पुष्पा सोबत होती.

मोठ्या दवाखान्यात प्लास्टर बांधत असतानाच गुलाब झोपला. मोडक्या हाताला हिसके बसत होते तरी झोपला. बांधणाऱ्या तरुण डॉक्टरला ते खटकलं. त्याने मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या स्टूल ओढून बसल्या आणि पुष्पाला, मग जाग्या झालेल्या गुलाबला विचारत गेल्या. केव्हापासून? किती वेळ? त्या दोन मिनिटांत स्वप्नंही पडतात का? पडत होती. उठल्यावर जरा वेळ ताजं वाटतं का? वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "खूप हसू आलं की काय होतं तुम्हाला?"

गुलाबचे डोळे भरून आले. आजवर हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"पाय जाते मॅडम," तो म्हणाला. "ऐकू सगळं येते."

"ही मिरगी नाही. त्या गोळ्या आजच हळूहळू कमी करायला लागू," बाई म्हणाल्या. "आणि हा आळसही नाही. झोप आणि जाग यांमधलं दार मेंदूत असतं, ते तुमचं नीट लागत नाही. नार्कोलेप्सी म्हणतात याला. तरुणपणीच सुरू होते बहुधा."

"बरं कधी होईल?" पुष्पाने विचारलं.

"मुळापासून जात नाही. पण औषधानं आणि नेमानं आवरता येते. दिवसातून ठरल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. सायकल चालवायची नाही, विहिरीच्या काठावर, चुलीपाशी एकटं राहायचं नाही."

परतीच्या बसमध्ये पुष्पा खिडकीतून बाहेर बघत होती. गुलाबच्या मनात वेगळंच काहूर होतं. आळशी नाही, एवढं कळलं, ते ठीक. पण शाळेत दुपारी झोपायची परवानगी मागायची, तीही त्यानेच? बैठकीतलं ते हसणं पुन्हा कानात वाजलं. लपवावं, शहाण्यासारखं गप्प राहावं, असं त्याला सौंसर येईपर्यंत वाटत राहिलं. हात मोडल्याचं कळून प्रकाश पांढुर्ण्याहून स्टँडवर आला होता. पुष्पाने सगळं सांगितलं. शाळेत मात्र कळू द्यायचं नाही, असं गुलाब म्हणाला, तेव्हा प्रकाश म्हणाला, "जवाईबापू, लपवून तर हात मोडला."

प्लास्टर निघाल्यावर गुलाब शाळेत गेला आणि सगळे मास्तर हजर असताना उभा राहिला. आजाराचं नाव सांगितलं, काय होतं ते सांगितलं, काय हवं तेही सांगितलं. गुणवंता मास्तर खिडकीकडे बघत म्हणाला, "असा आजार आमाले पण पाहिजे होता." या वेळी कोणी हसलं नाही.

रघुनाथरावांनी कागद मागितला. दवाखान्याचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला. "मधल्या सुटीत सामानाच्या खोलीत पड. पण घंटा झाली की वर्गात दिसला पाहिजे."

"दिसतो सर."

त्या दुपारी सामानाच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्या आणि तुटक्या बाकांमध्ये गुलाबने चटई टाकली. बाहेर पोरं ओरडत होती. दाराशी कोणाचीतरी चाहूल लागली की तो मान उचलून बघे. कुशी बदलून झाल्या, हात उशाला घेऊन झाला. इतकी वर्षं जी झोप भर वर्गात गळा धरायची, ती आज हक्काने मागून घेतली तर फिरकेना. तो छताकडे टक्क डोळ्यांनी बघत पडून राहिला. शेवटी घंटा झाली. त्याने चटई गुंडाळली, शर्ट झाडला आणि दार उघडून बाहेर आला. झोप उद्या येईल, असं मनाशी म्हणत तो तिसरीच्या वर्गाकडे निघाला.