मास्तरांची मोकळी दाढी

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतात आणि एखादं चुकलं की "परत बघा, घाई नको" म्हणतात, म्हणून दुकानात कुणीतरी त्यांना मास्तर म्हणायला लागलं आणि तेच नाव चिकटलं. रंगीत पगडी, पांढरा कोट आणि जबड्याला घट्ट चिकटून बसलेली दाढी, असा त्यांचा थाट. ती दाढी इतकी नीटनेटकी असायची की मोकळी सोडली तर छातीपर्यंत येते, हे दुकानात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका मंगळवारी वरच्या फळीवरचा फ्रेमचा खोका काढताना शिडी सरकली आणि मास्तर उजव्या हातावर आपटले. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, बोटांची टोकं तेवढी बाहेर. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

दुसऱ्या दिवशी खरी पंचाईत झाली ती आरशासमोर. पगडीचं जमून गेलं, कारण पगडीच्या कापडाचं दुसरं टोक लग्न झाल्यापासून बायकोच धरायची. दाढीचं मात्र सगळं मास्तरांच्या दोन हातांचं काम होतं. ओल्या दाढीला केस चिकटवून बसवणारा फिक्सर लावायचा, विंचरायची, हनुवटीखाली पीळ देऊन आत वळवायची, पिनेने अडकवायची आणि वरून कापडाची पट्टी डोक्यापर्यंत आवळून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. त्या पंधरा मिनिटांत मास्तर बोलू शकत नसत, आणि घरातल्या बऱ्याच गोष्टी बायकोने त्याच वेळात मंजूर करून घेतल्या होत्या.

तिने प्रयत्न केला. एक बाजू फुगली, दुसरी बाजू पिनेसकट सुटली.

"अहो, हलू नका ना."

"हललो नाही. तू माझा कान ओढलास."

"उशी फाटून कापूस बाहेर आल्यासारखं दिसतंय," ती हताश होऊन म्हणाली.

घड्याळात साडेनऊ झाले होते. मास्तरांनी पिना काढल्या, डाव्या हाताने दाढी विंचरली आणि तसेच निघाले. रस्त्यात वारा होता. तीस वर्षांत पहिल्यांदाच वाऱ्याने त्यांची दाढी खांद्यावर नेऊन टाकली आणि त्यांना उगाचच चोरट्यासारखं वाटलं.

काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. "काका, तुम्ही तर एखाद्या जुन्या फोटोतून उतरून आल्यासारखे दिसताय!"

मालकीणबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "मास्तर, हे किती दिवस?"

"सहा आठवडे."

"बरं." त्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं.

तपासणीच्या खोलीतली अडचण खरी होती. तिथे माणसाच्या अगदी तोंडाजवळ जावं लागतं. बुबुळात प्रकाश टाकून बघताना मास्तरांचा श्वाससुद्धा समोरच्याला कळतो. तिसऱ्याच दिवशी एका गृहस्थाच्या हातावर दाढी टेकली आणि ते चटका बसल्यासारखे मागे सरले. बाहेर जाऊन त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं, "जरा स्वच्छतेचं बघा."

मालकीणबाईंनी निरोप जसाच्या तसा पोचवला. मास्तरांना तो फार लागला. रोज साबणाने धुतलेली दाढी होती ती, त्या गृहस्थांच्या चष्म्याच्या काचांपेक्षा नक्कीच स्वच्छ. दुसऱ्या दिवसापासून तपासणीच्या खोलीत शिरताना मास्तरांनी कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावायला सुरुवात केली आणि दाढी अलगद कोटाच्या आत ठेवायला लागले. बाहेर आलं की वरची दोन बटणं उघडायची. काम अडलं नाही.

रविवारी गुरुद्वाऱ्यात जेवणानंतर चहाच्या वेळी विषय निघालाच. मास्तरांचा मेव्हणा सैन्यातून निवृत्त झालेला. त्याची दाढी अशी बांधलेली, की तिच्यावर फूटपट्टी ठेवून रेघ मारावी. मास्तरांना दाढी बांधायला त्यानेच शिकवलं होतं.

"हात मोडला हे ठीक," तो म्हणाला, "पण बरा झाला की बांध हं. आमच्याकडे मोकळ्या दाढीने कुणी रांगेत उभा राहू शकत नव्हता. केस राखायचे आणि नीटही राखायचे. गबाळेपणाला भक्ती म्हणत नाहीत."

समोर एक म्हातारा शिंपी बसला होता. त्याची दाढी पोटापर्यंत मोकळी. त्याने कप खाली ठेवला. "गबाळा कुणाला म्हणतोस? मी रोज दोनदा विंचरतो. अरे, देणाऱ्याने दिलेली वस्तू तू गुंडाळून, चिकटवून, पिना टोचून ठेवतोस. कुणी प्रेमाने दिलेलं कापड कधी असं चुरगळून ठेवतो का?"

"आणि तुझ्या शिलाई मशीनच्या चाकात गेली म्हणजे?"

"मशीनवर बसताना फडकं बांधतो. उठलो की सोडतो. तू मात्र झोपेतून उठलास की लगेच कवायतीला उभा!"

आजूबाजूचे हसले. शेवटी दोघांनी भाईजींकडे पाहिलं. भाईजी गुरुद्वाऱ्यात पाठ करायचे. त्यांची दाढी मोकळी होती, पण ते कुणाला टोचून बोलत नसत. ते म्हणाले, "मोकळी असावी, असं मला वाटतं. पण कुणी कामासाठी बांधली तर मी त्याला कमी लेखणार नाही. कापली नाही ना त्याने? फक्त आपण का बांधतो, हे ज्याचं त्याला ठाऊक असावं."

मास्तर चहा ढवळत बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, ते एका परीने बरंच झालं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात काटकुळा आणि कोरडा झाला होता, पण बोटं वळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने आरशासमोर सगळा सरंजाम मांडून ठेवला: फिक्सरची बाटली, पिना, धुऊन इस्त्री केलेली पट्टी. मास्तर स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुला एक सांगायचं राहून गेलंय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मास्तरांचे वडील बसगाड्या दुरुस्त करायचे. दाढी कायम मोकळी, कडांना थोडी ग्रीस लागलेली. "ज्याने दिली त्याला दिसू दे," एवढंच म्हणायचे. साहेब आले तरी कधी बांधली नाही. मास्तर अकरा वर्षांचे असताना त्यांना चित्रकलेत बक्षीस मिळालं. वडील एकदा शाळेच्या गेटपाशी आले होते तेव्हा वर्गातली पोरं दाढीवरून हसली होती. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी मुलाने वडिलांना म्हटलं, "उद्या येताना दाढी बांधून याल?"

"त्यांनी 'का' म्हणून विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बांधून आले. आईच्या केसांच्या पिना लावल्या होत्या. त्यांना येत नव्हतं ना बांधायला. एकीकडे मोठा गोळा झाला होता. मला बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की एक पीन सुटून खाली पडली. ती वाकून उचलली, खिशात टाकली आणि परत टाळ्या वाजवायला लागले."

बायको पलंगाच्या कडेवर बसली.

"मी माफी मागितली नाही कधी. पुढे नोकरीसाठी स्वतः बांधायला लागलो तेव्हा बघून म्हणाले, 'छान जमलीय.' बस, एवढंच." मास्तर थांबले. "मी कामासाठी बांधतो, असं इतकी वर्षं म्हणत आलो. पण हे सहा आठवडे काम काय बंद होतं? मी बांधत होतो ती त्या गेटवरच्या पोरांसाठी."

तिने पट्टीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला तुम्ही बांधलेल्या दाढीतच आवडता. मोकळीत म्हातारे दिसता."

"म्हातारा झालोच आहे की."

"मग मीही झालेच ना! ते कबूल करायला मला जरा वेळ लागेल." ती उठली, पिना डबीत भरल्या, आणि कंगवा त्यांच्या हातात देऊन चहा ठेवायला गेली.

दुकानात गेल्या गेल्या मास्तर मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. दाढी मोकळीच राहील, त्यांनी सांगितलं. तपासताना कोटाच्या आत असेल. काचा घासायच्या मशीनवर फडकं बांधेन, तिथे हट्ट करणार नाही.

मालकीणबाईंनी पेनचं टोपण लावलं. "मास्तर, मला तुमच्या धर्मातलं काही कळत नाही. तक्रार आली तर मला ऐकून घ्यावी लागते."

"घ्या ना. मलाही सांगा. पण बांधा असं सांगू नका."

"पुन्हा तक्रार आली तर बघू," त्या म्हणाल्या. होकार नव्हता, नकारही नव्हता. मास्तरांनी तेवढ्यावर भागवलं.

पुढे तक्रार आली ती एकदाच, आणि मालकीणबाईंनी ती फक्त मास्तरांच्या कानावर घातली. शिवाय एक बाई दुसऱ्या दुकानात जायला लागल्या; का, ते त्यांनी सांगितलं नाही. बाकीच्यांना महिनाभरात सवय झाली, आणि काही जुन्या गिऱ्हाइकांना तर फरकच कळला नाही, ज्यावरून त्यांचा नंबर वाढलाय हे मास्तरांनी ओळखलं. मेव्हणा मात्र दर रविवारी टोमणा मारायचा तो मारतोच.

वर्षाने भाचीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी बायको हळू आवाजात म्हणाली, "एक दिवस बांधाल? माझ्यासाठी. फोटोत यायचंय आपल्याला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ते "का" म्हणाले नाहीत. मनगट पूर्ण वळत नव्हतं, म्हणून या वेळी तिनेच बांधली, सावकाश, चार वेळा सोडून. पट्टी आवळून मास्तर पंधरा मिनिटं गप्प बसले आणि तिने तेवढ्यात बैठकीच्या खोलीचे पडदे बदलायचं ठरवून टाकलं.

लग्नात मेव्हण्याने पाठीवर थाप मारली. "आता कसा माणसात आलास!"

मास्तर हसले. त्यांना राग आला नाही, कमीपणाही वाटला नाही, आणि याचंच त्यांना नवल वाटत राहिलं. वडिलांनाही त्या दिवशी, टाळ्या वाजवताना, असंच वाटलं असेल का? विचारायला आता ते नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी धुतली, उन्हात उभं राहून वाळवली आणि मोकळी सोडून कामावर गेले.