एतिएनच्या पेन्सिलीच्या खुणा

फोन आला तेव्हा मी दवाखाना संपवून कार पार्कमध्ये पोचले होते. फोनवर मीरा, आमच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणारी, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली. "मावशी, तुम्ही ड्राइव्ह करत नाही ना? एतिएन गेला... हार्ट अटॅक. मला काय करायचा तेच कळत नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय! मंगळवारी तर रिहर्सल झाली." मंगळवारी रिहर्सल घेतलेल्या माणसाला जणू शुक्रवारी मरता येत नाही! आणि मी म्हणे डॉक्टर.

एतिएन मूळचा फ्रान्समधल्या लिओंचा. तरुणपणी तिथल्या ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेत व्हायोलिन वाजवायचा. पुढे डाव्या हाताची बोटं हवी तशी चालेनात, तेव्हा त्यानं कंडक्टरचं बॅटन हाती घेतलं आणि युरोपभर नाव कमावलं. घरी मात्र व्हायोलिन सुटलं नाही. बायकोच्या नोकरीपायी इकडे आला आणि निवृत्तीनंतर आम्हा हौशी डॉक्टर-मास्तरांना येऊन मिळाला. हौशी म्हणून सूट कधी दिली नाही. प्रत्येकाच्या स्वरलिपीवर स्वतः पेन्सिलीनं खुणा करायचा, गज वर, गज खाली... आणि मी हमखास घाई करायचे तिथे एकच शब्द, 'ब्रीद'. "डॉक्टर, पेशंटला सांगतेस, स्वतः कधी श्वास घेणार?"

त्या मंगळवारी चहाच्या वेळी तो डावा खांदा चोळत म्हणाला, "नीलिमा, आज हा फारच दुखतोय." व्हायोलिन वाजवणाऱ्या सगळ्यांचाच दुखतो, माझाही दुखतो. मी हसून म्हटलं, "फिडलर्स शोल्डर! दोन दिवस व्हायोलिनला हात लावू नकोस." दवाखान्यात कुणी अनोळखी माणूस असता तर पहिला प्रश्न विचारला असता, दम लागतो का? त्याला नाही विचारला. त्यानं मात्र माझं ऐकलं. दोन दिवस खरंच हात लावला नाही, असं त्याची बायको मला सांगत होती... वर आभार मानत होती.

कार्यक्रम रद्द झाला. भाड्यानं आणलेल्या स्वरलिपी खुणा खोडून परत करायच्या असतात, आणि ते काम पहिल्यापासून माझंच. तीन आठवडे गठ्ठा डायनिंग टेबलावर पडून होता. परवा खोडरबर घेऊन बसले. सगळ्यांची पानं पुसली. शेवटी माझं. तिसऱ्या ओळीवर त्याचं तिरकं अक्षर, 'ब्रीद'. रबर टेकवलं... उचललं. इतकी वर्षं तो मला श्वासाचं विचारत होता. मी त्याला एकदाच विचारायचं होतं.

गठ्ठा काल पोस्टानं गेला. ते पान टेबलावरच आहे.