वस्ताद आणि टिटवी

“दमानं घे रं. ती नसली तर पुण्यात कार्डं कोण वाचणार, तुझा आज्जा?”

मी दारात वाकून सँडल काढत होते. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आमचा खेळ चालायचा, आणि खोली नि दार यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. बोलला तो दुकानवाल्यांचा मुलगा. सांगलीत हा खेळ त्यानंच आणला होता.

“म्हायती हाय गड्या,” दुसरा हसून म्हणाला. तो शिराळ्याचा. त्या दुपारी मला त्याच्याशीच खेळायचं होतं.

मी सँडलचा बंद उगाच पुन्हा लावला, पुन्हा सोडला, आणि मग आत गेले.

“या ताई,” दोघं एकदम म्हणाले. दोघंही माझ्याच वयाचे होते.

पुण्यातल्या स्पर्धेला तिघांचा संघ लागत होता. दोन जागा त्या दोघांच्या. शिराळ्याच्या मुलाला मी हरवलं तर तिसरी माझी, असं ठरलं होतं. घरी कोरेगावला आईला फोनवर काय सांगायचं, याची वाक्यं मी आठवडाभर जुळवत होते. मला जायचंच होतं. किती, ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

या दुकानात मी पहिल्यांदा आले ती नोट्सच्या झेरॉक्स काढायला. तेव्हा हे दोघं काउंटरवर एका कार्डावरून भांडत होते. प्रत्येक सुपरहिरोच्या बाहुलीबरोबर एक कार्ड येतं, त्यावर तिच्या शक्ती बारीक इंग्रजीत छापलेल्या असतात. “मॅडम, जरा वाचता का?” मी वाचलं, अर्थ सांगितला. माझ्या इंग्रजी शाळेचा माझ्या आईवडलांखेरीज कुणाला आनंद झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतर मी येत राहिले, खेळायला शिकले, आणि गेले दोन रविवार जिंकलेही होते.

आता पडद्यामागचं ते वाक्य ऐकल्यावर ते दोन्ही रविवार मला खोटे वाटायला लागले.

चौकोन आखलेला पट पसरला. बाहुल्या बोटभर उंचीच्या. प्रत्येकीच्या पायाखाली गोल बैठक, बैठकीच्या आत फिरणारी चकती, आणि एका खाचेतून दिसणारे तिच्या ताकदीचे आकडे. मार बसला की मारणारीच्या खाचेत जितका माराचा आकडा असेल, तितक्या वेळा मार खाणारीच्या मालकानंच तिची चकती पुढं फिरवायची. आकडे उतरत जातात, आणि शेवटी बाहुली उचलून बाजूला ठेवायची. शिराळ्याच्या मुलाच्या दगडी अंगाच्या हिरोला आम्ही वस्ताद म्हणायचो. माझी पंखवाली, ती टिटवी. ही नावं त्यांनीच पाडलेली.

त्या दिवशी मी पटापेक्षा त्याच्या हातांकडे जास्त बघत होते. एकदा वस्ताद सहज माझ्या अंगावर आला असता, पण त्यानं त्याला कोपऱ्यातच ठेवला.

“झोपलास काय रं?” दुकानवाल्यांचा मुलगा म्हणाला.

“चुकलंच की.”

खरंच चुकलं होतं का? चुकतंही माणसाचं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. फासे टाकायच्या आधी मी तळवे ओढणीला पुसत होते.

शेवटी पटावर फक्त वस्ताद आणि टिटवी उरले. त्यानं दोन फासे टाकले. सहा आणि पाच. मार लागला. त्यानं वस्तादाच्या बैठकीवर तळहात ठेवला.

“दोन,” तो म्हणाला. “ताई, दोन फिरवा.”

हात पडायच्या आधी मी खाच पाहिली होती. तीन होते.

दोननं टिटवी वाचत होती. वस्ताद आधीच खिळखिळा झाला होता. माझ्या पुढच्या फटक्यात तो बहुतेक गेलाच असता, आणि मी पुण्याला. तीननं टिटवी संपत होती.

कदाचित मी चुकीचं पाहिलं असेल. आणि बोलायचं तरी काय? तुम्ही लबाडी करताय, पण माझ्या बाजूनं? पडद्यामागचं ऐकलं म्हणून सांगायचं? दोघं माझ्याशी कधी वाकडं वागले नव्हते. बोलून सगळंच बिघडलं तर मग रविवारी मी जाणार कुठं?

“फिरवा की,” दुकानवाल्यांचा मुलगा म्हणाला. “आता वस्तादाचं काय खरं न्हाई.”

मी एकदा फिरवली. टक्. दुसऱ्यांदा. टक्.

दोघांचेही चेहरे सैल झाले. काम झालं, असे. आणि मला पुण्यातला तो हॉल दिसला: ते दोघं पटाशी वाकलेले, मागं खुर्चीवर मी, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. मॅडम, जरा वाचता का?

माझा अंगठा चकतीवरच होता. मी तो पुन्हा दाबला. टक्. टिटवी उचलून पटाबाहेर ठेवली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

“तीन होते. हात उचला, दिसतील. मी हरले. कार्डं मी तशीही वाचून देईन, पण पुण्याला जायचं तर तुम्हाला हरवूनच जाणार. मांडा परत.”