बटणांखालचा गुलाल

खोटं कशाला बोलू, भावाची ती गाडी पहिल्यांदा आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली, तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं. जुनीच होती. कुणीतरी हौसेनं वापरून सोडलेली, परदेशी बनावटीची, बुटकी, लालभडक, दोनच सीटची. मागं बसायला जागाच नाही. पण आबा पायात चप्पल न घालता जिना उतरून खाली पळाले.

आबा म्हणजे आमचे वडील. सगळी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागं काढलेला माणूस. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी मांडीवर बसवून गाडी शिकवली. मी थोरली, पण मी हट्ट धरला तर म्हणाले, "तुला कशाला पायजे? तू अभ्यास कर." केला अभ्यास. दूध डेअरीत मशिनींची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करायच्या नोकरीला लागले, स्वतःच्या पगारातून छोटी गाडी घेतली आणि ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन शिकले. त्या गाडीत आबा बसतात, नाही असं नाही. दवाखाना, लग्नकार्य, बाजार, सगळीकडं मीच नेते. पण बसतात मागं! पुढची सीट रिकामी, आणि हे मागं खिडकीशी तोंड मिटून. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघतो, त्याला मी भाड्याची ड्रायव्हरच वाटत असणार.

आणि हेच आबा, धाकटा पुण्याहून आला रे आला की त्याच्या शेजारी जाऊन बसतात. जाताना हसत जातात, येताना हसत येतात. गाडी गल्लीत वळली की वर गॅलरीत मला त्यांचं हसू ऐकू येतं. घरात मी विचारावं, "आबा, चहा टाकू?" "हं." "गोळी घेतली?" "हं." माझ्या वाट्याला एवढंच. मला काही त्यांची इस्टेट नको होती. एकदा माझ्या शेजारी बसावं आणि असं खळखळून बोलावं, बास. आणि तेवढंच मिळत नव्हतं म्हणून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तर परवाच्या खेपेला धाकटा आला तो घामानं निथळत. गाडीच्या एसीची बटणं बिघडली होती.

"अक्का, गार दाबलं की गरम वारं येतंय," तो म्हणाला. "पंखा कमी करावा तर वाढतोय. काचंवरची वाफ घालवायचं बटण तर मेलंच हाय. पुण्याचा मेकॅनिक म्हणतोय आख्खं पॅनेल बदला. आता एवढ्या जुन्या गाडीचं पॅनेल आणू कुठनं?"

"मग नको फिरवू."

"उद्या आबांना गगनबावड्याला न्यायचं कबूल केलंय की. तिथल्या धुक्यात काचंनं वाफ धरली तर म्होरचं दिसायचं न्हाय. तुला न्हाय जमलं तर मी ही गाडी काढूनच टाकतो बघ. कटाळा आलाय."

काढून टाकतो! काय गोड शब्द. मला आतून गुदगुल्या झाल्या. पण आबांचं तोंड एवढंसं झालं आणि त्या तोंडाचाही मला राग आला. गगनबावड्याला चला म्हणून मी किती वेळा त्यांच्या मागं लागले होते! तर "घाट हाय, नगं." माझ्या वेळेलाच बरा घाट आडवा येतो.

तरी हत्यारांची पिशवी घेऊन खाली उतरले. हातातली कला आहे, ती रुसवाफुगवा बघत नाही. आधी फ्यूज पाहिला, धड होता. पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर दिली, मोटर भणाणत फिरली. म्हणजे मोटर चांगली. पॅनेलवरचा दिवा लागत होता, म्हणजे करंटही येत होता. फक्त तापमानाचा आकडा कुणी हात न लावता आपोआप वर चढत चढत शेवटाला जाऊन थांबत होता. डेअरीत हे दुखणं मी रोज बघते. कुठलं तरी बटण आतल्या आत दाबलेलं राहतं आणि बिचारी मशिन हुकूम पाळत बसते. तिथं बटणात दूध गेलेलं असतं. इथं दूध कुठनं आलं?

बॅटरीची वायर काढली, कडेची पट्टी अलगद उचकटली, स्क्रू काढून पॅनेल बाहेर ओढलं. धाकटा टॉर्च धरून उभा, आबा जरा लांब, हात मागं बांधून. पॅनेल उघडलं. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा रबरी पत्रा आत होता, प्रत्येक बटणाखाली एक काळा ठिपका. आणि त्या ठिपक्यांभोवती गुलाबी चिकट खरपुडी धरलेली. मी नखानं खरवडून नाकाशी नेलं. गुलाल! आणि त्याला आंबूस गोड वास.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी घेतली तेव्हा बाप-लेक ती घेऊन जोतिबाला गेले होते. मला सुट्टी नव्हती. म्हणजे, कुणी विचारलंच नव्हतं. जुन्या ड्रायव्हर लोकांची एक रीत असते, नव्या गाडीत जिथं जिथं हात लागणार तिथं तिथं नारळाचं पाणी शिंपडायचं आणि देवाचा गुलाल लावायचा. आबांनी ती रीत अगदी मन लावून पाळली होती. एक बटण सोडलं नव्हतं. गारचं, गरमचं, पंख्याचं, सगळ्यांना आंघोळ आणि वर गुलाल. नारळाच्या पाण्यातलं मीठ-साखर वाळून बसलं होतं आणि बटणं चिकटली होती.

आणि माझ्या गाडीला? चाकाखाली लिंबू, बोनेटवर हळदीकुंकवाचं एक बोट, आणि "चल, ऊन झालंय." काय वाटलं असेल मला, सांगा. त्याच्यावरची माया माझ्यासमोर थरानं साचलेली होती, मी ती नखानं खरवडत होते.

"हे बघा!" मी पॅनेल आबांच्या नाकापुढं धरलं. "तुमच्या गुलालानं मारलीय त्याची गाडी. शिंपडलंय का घागर उपडी केलीय?"

आबा ओशाळले. मला वाटलं, आता धाकटा भडकणार. भडकायलाच हवा होता, पुण्यापासून तो उकडून निघाला होता. तर तो हो-हो करून हसत सुटला आणि आबांच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "आबा, तुम्हीच व्हय! आन् मी त्या मेकॅनिकला शिव्या घालतोय!" आबाही हसायला लागले. दोघं डोळे पुसत हसताहेत आणि मी तिथं गुलाबी बोटं घेऊन उभी. त्यांची चूकसुद्धा त्या दोघांत खेळीमेळीनं वाटून जाते. असा संताप आला की पॅनेल तसंच आपटावं वाटलं.

नाही आपटलं. रबरी पत्रा कोमट साबणाच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. त्याखालची सर्किटची पट्टी कापसानं आणि स्पिरिटनं पुसली, मीटर लावून एकेक बटण तपासलं. परत जोडून दाबलं तर गार म्हटल्यावर गार. पंख्याचं एक बटण जरा जोरात दाबावं लागत होतं, तेवढं चालायचंच.

"चढाला टिकतंय का बघाय पायजे," धाकटा म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा ऑफिसचा फोन वाजला. तो कानाला लावत त्यानं किल्ली माझ्याकडं टाकली. "अक्का, तूच जरा फिरवून आण." मी स्टिअरिंगवर बसते न बसते तोच पलीकडचं दार उघडलं आणि आबा आत येऊन बसले. इलाज काय, मागं सीट होती कुठं?

रंकाळ्यावरून फुलेवाडी मागं टाकली आणि रस्ता मोकळा झाला. एसी झकास चालत होता, आकडा जागचा हलत नव्हता. आबा गप्प. समोर बघत, हाताची घडी घालून. बालिंग्यापर्यंत मी वाट बघितली आणि मग फुटले.

"त्याच्याशेजारी बसला की तोंडाला खळ नसती तुमच्या. माझ्यापाशी काय दातखीळ बसती व्हय?"

"त्याच्याशी बोलाय लागतंय," आबा म्हणाले.

"का? मी काय दगड हाय?"

"आगं, त्यो लई हाणतोय गाडी. नगं म्हटलं तर ऐकायचा न्हाय, मोठा झालाय. बोलण्यात गुतवला की त्याचा पाय हलका पडतोय. म्हणून कायबाय सांगत ऱ्हायचं. हसवत न्यायचं, हसवत आणायचं. घरला आलो की माझा घसा सुकल्याला असतोय."

मी गाडी चालवतच होते, पण मला काही दिसत नव्हतं. "आन् माझ्या गाडीत मागं का बसता?"

"म्होरं बसलं की माझं पाय वळवळत्यात. जल्मभर ब्रेक दाबलाय. तुला वाटायचं, बा चुका काढतोय. तुझं चालवणं चांगलं हाय, पोरी. त्यात काय बोलायचं?"

चांगलं हाय. हे ऐकायला मी कितीतरी वर्षं कान टवकारून होते. आनंद व्हायला हवा होता. झाला, नाही म्हणत नाही, पण त्याच्यावर लगेच जळजळ आली. म्हणजे मी नीट चालवते म्हणून मला "हं", आणि तो बेफाम हाणतो म्हणून त्याला गोष्टी? हा कुठला न्याय?

पुढं रस्ता सरळ होता, लांबवर चिटपाखरू नव्हतं. मी ॲक्सिलरेटर दाबला. ती बुटकी गाडी गुरगुरली आणि सुटली.

"आगं ए! हळू!" आबांचा उजवा पाय खाली रुतला.

"बोला मग."

"काय बोलू?"

"त्याला सांगता ते. हसू येईल असं."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या पायाकडं पाहिलं. दाराची मूठ घट्ट धरली. मग खाकरले.

"एकदा काय झालं, राधानगरीच्या गाडीत एक म्हातारी बकरी घिऊन चढली. कंडक्टर म्हणला, आज्जे, हिचं बी तिकीट लागंल..."

"मग?" मी म्हटलं, आणि पाय हलका केला. पण जरासाच.