व्याह्यांना ड्रोन हवा होता

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एकाला हे सांगत होतो, तर त्याचा चहा नाकातून आला आणि माझ्या शर्टावर गेला. अहो, माती खाणारे जगात पुष्कळ आहेत, पण मी खाल्ली ती भर मांडवात, डोक्याला फेटा बांधून, आणि तीही जमिनीपासून चांगली उंचावर!

आमच्या मुक्ताचं लग्न ठरलं सिन्नरला. माणसं सोन्यासारखी. शेती, शिवाय खतांचं दुकान. बैठकीत व्याही, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, हात जोडून म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. पोरगी द्या, बास. फक्त एक हाय."

मी मनातल्या मनात बँकेतली शिल्लक मोजायला लागलो.

"आमच्या चुलत्यानं पोराच्या परण्यावर ड्रोननं वरून फुलं टाकली. तवापासून चुलता गावात छाती काढून हिंडतो. आमच्या पोरावर बी वरून फुलं पडली पायजेत!"

परण्या म्हणजे नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि बँडपुढे नाचणारी अख्खी भावकी.

"एवढंच ना? पडली समजा!" मी म्हणालो. इथे माझी जीभ कुणी धरली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

फोटोग्राफर बंटी तर म्हणत होता, "काका, परवानगी कशाला? पाच मिनिटं उडवायचा, उतरवायचा. कोण बघतंय?"

"अरे, वर उडणारी वस्तू सगळेच बघतात!"

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात जन्म गेला माझा. सूतभर फरक दिसला की माल परत! रस्ता मोकळा असला तरी लाल सिग्नलला थांबतो. मागचे शिव्या घालतात, मी थांबतो. माझ्या घरच्या कार्यात बेकायदा वस्तू उडणार? शक्यच नाही!

म्हणून सरकारी नकाशा उघडला. हिरवा रंग म्हणजे उडवा, पिवळा म्हणजे विचारा, लाल म्हणजे विचारूही नका. आता आपलं नाशिक कसं? एका अंगाला ओझरची धावपट्टी, दुसऱ्या अंगाला देवळालीची छावणी, मध्ये नाशिकरोडला नोटा छापतात. नकाशा बघतो तर काय, हळदीकुंकवाचं ताट! लग्नासाठी घेतलेलं लॉन्स पंचवटीच्या पलीकडे. ते पडलं हळदीत.

झालं. इंटरनेटवरचे सोपस्कार केले आणि चौकशी करत करत पोलीस ठाण्यात पोचलो. तिथले साहेब तरुण आणि सज्जन. अर्ज वाचून म्हणाले, "कार्यक्रमाचा पुरावा जोडावा लागेल."

पुरावा म्हणजे लग्नपत्रिका. ती होतीच पिशवीत. पण तुम्हीच सांगा, पत्रिका नुसती टेबलावर ठेवायची आणि तोंडानं 'या' म्हणायचं नाही, अशी रीत आहे का आपल्यात? माझा हात आपोआप खिशातल्या डबीकडे गेला. पत्रिकेला कुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या आणि म्हणालो, "साहेब, सहकुटुंब यायचं. हेच आग्रहाचं आमंत्रण समजा."

साहेब गडबडले, पण पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

एकाला दिली म्हटल्यावर शेजारच्या टेबलाला वगळणार कसं? हवालदारांना दिली. वायरलेसवाल्या ताईंना दिली. 'समस्त स्टाफ' लिहून एक भिंतीवरच्या फळ्याला टोचली. कोपऱ्यातल्या बाकावर चोरीच्या संशयावरून आणलेला एक जण बसला होता. तो फार आशेनं बघत होता हो! त्यालाही दिली. तो काही आला नाही. तारीख असेल बिचाऱ्याची.

"अहो, परवानगी मागून आलात की आवतण देऊन?" घरी आल्यावर बायकोनं, सुलभानं, विचारलं.

"दोन्ही."

"आणि परवानगी मिळाली का?"

"वरून मंजुरी आली की कळवतो म्हणालेत."

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. पत्रिकेत तळाशी मी छापून घेतलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' मुक्ता म्हणाली, "बाबा, हे सगळेच छापतात आणि सगळेच घेतात."

"सगळे घेत असतील. तुझा बाप घेणार नाही. छापलं म्हणजे छापलं!"

लग्नाचा दिवस उजाडला. मंजुरीचा पत्ता नाही. बंटी ड्रोनला परडी बांधून तयार. मी त्याला सांगितलं, "कागद येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

तेवढ्यात गेटातून पोलिसांची जीप आत आली. मागे चार मोटारसायकली. साहेब, हवालदार, वायरलेसवाल्या ताई, सगळे थेट बंदोबस्तावरून आलेले, म्हणून गणवेशात!

बंटीनं जीप पाहिली. ड्रोन काखेत मारला, आचाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकली आणि पसार. त्या दिवशी त्याच्या ड्रोननं केलेला प्रवास तेवढाच.

मी लगबगीनं पुढे झालो. साहेब हसले आणि खिशातून पांढरं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. "काका, हे घ्या."

"छे छे! आहेर नाही!"

"अहो, आहेर नाही, यात..."

"साहेब, सगळे असंच म्हणतात! यात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे!" मी पाकीट त्यांच्या खिशात परत कोंबलं. त्यांनी पुन्हा काढलं, मी पुन्हा कोंबलं. पोलीस पाकीट देतोय आणि नागरिक नको म्हणतोय! आचारी झारा हातात घेऊन बघत राहिला. ते पुन्हा तोंड उघडणार, तोच मी त्यात लाडू घातला.

आणि परण्या आला. बँड जोरात, भावकी नाचात. गेटापाशी जीप दिसली आणि नाच जागच्या जागी थिजला. नवरदेवाचा मामा घोड्याच्या आड गेला, का ते अजून कळलेलं नाही. आप्पा माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "व्याही, काय लफडं हाय? मोडायचं आसंल तर आत्ताच सांगा."

"आप्पा, पाहुणे आहेत ते. मीच बोलावलेत."

"इतके?"

"पत्रिकेवर समस्त लिहिलं होतं ना!"

आप्पांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आभाळाकडे बघितलं. "फुलं कुठं हायेत?"

साहेब शेजारीच उभे, तोंडात लाडू. आपल्या सचोटीची छाप पाडायची याहून चांगली संधी कोणती? मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आप्पा, परवानगी आली नाही. परवानगीशिवाय या मांडवावर साधी माशीसुद्धा उडणार नाही!"

साहेब लाडवातून काहीतरी बोलले आणि जोरजोरात मान हलवू लागले. मला वाटलं, दाद देताहेत.

आप्पांचा चेहरा उतरला. मागे त्यांचा चुलता मिशीत हसत होता. ते हसणं बघून आप्पा म्हणाले, "मग नवरदेव घोड्यावरून उतरणार नाय. वरून फुलं पडल्याबिगर पाय नाय टेकणार!"

भटजी घड्याळ दाखवायला लागले. मुहूर्त टळायची वेळ. आत मुक्ता हार घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. ते पाणी मला बघवेना. खरं सांगतो, तेवढ्यापुरता मी क्वालिटीवाला राहिलोच नाही. डेकोरेटरची शिडी कमानीला टेकवलेली होती. मी झेंडूची टोपली उचलली आणि चढलो!

"अहो! अहो, गुडघे!" खालून सुलभा.

वर पोचलो. कमान हलली. एका हातानं बांबूला मिठी मारली, दुसऱ्यानं पाकळ्या उधळल्या. पहिली मूठ वाऱ्यानं बँडवाल्याच्या पिपाणीत घातली. दुसरी घोड्याच्या नाकात, घोडा शिंकला. तिसरी पडली थेट जावईबापूंवर!

"पडली! फुलं पडली!" आप्पा नाचायला लागले. मी आनंदानं दोन्ही हात वर केले आणि टोपली सुटली. ती बरोबर जावयाच्या फेट्यावर बसली.

"टोपली बी पडली! चुलत्याच्या पोराला टोपली नव्हती!"

तोवर साहेबांचा लाडू संपला होता. ते शिडीखाली येऊन ओरडले, "काका! पाकिटात आहेर नव्हता, ड्रोनची परवानगी होती! सकाळीच वरून आली, म्हणून स्वतः घेऊन आलो!"

बँड थांबला. सगळा मांडव वर बघायला लागला. मी बांबूला चिकटलेलो.

"साहेब," मी वरून क्षीण आवाजात विचारलं, "मग आता?"

साहेबांनी पाकीट फोडलं, कागद नीट वाचला आणि म्हणाले, "यात ड्रोन उडवायला परवानगी आहे. वधूपित्याला नाही. खाली उतरा!"

उतरणार कसा? मी बांबू सोडायलाच तयार नव्हतो. शेवटी समस्त स्टाफनं मला हातावर झेलून उतरवलं, आणि मुहूर्त जेमतेम गाठला.

तुम्ही म्हणाल, लग्न लागलं ना, मिटलं. कसलं मिटतंय! परवाच त्या चुलत्याच्या धाकट्याची पत्रिका आली. कुंकू, अक्षता, सगळं रीतसर. तळाशी आप्पांच्या अक्षरात एक ओळ होती: 'व्याही, शिडीची सोय केली हाय. तुमची परवानगी तेवढी घेऊन या.'