मास्तरांची शेगडी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना मोटार शिकवत. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी जसा ब्रेक होता तसाच एक मास्तरांच्याही पायाशी होता. दुसऱ्याने काही करायच्या आत तो दाबायची त्यांना इतकी सवय झाली होती, की घरी, बाजारात, लग्नकार्यात कोणी बोलायला तोंड उघडलं की यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आणि तोंड सुरू व्हायचं. मास्तरांना सगळ्यातलं सगळं कळत होतं. गळक्या नळातलं नळवाल्यापेक्षा जास्त, तापातलं डॉक्टरपेक्षा जास्त, आणि निखाऱ्यावर कोंबडी भाजण्यातलं तर प्रत्यक्ष निखाऱ्यापेक्षा जास्त.

ही शेवटची विद्या वर्षातून एकदाच बाहेर पडे, हीच काय ती दैवाची कृपा. वर्षअखेरची सुट्टी लागली की पहिल्या रविवारी दुपारी मास्तरांच्या परसात मेजवानी असायची. तेलाचं पिंप उभं कापून त्यांनी शेगडी स्वतःच केली होती. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली वीट. पेटवताना ते रॉकेल इतक्या सढळ हाताने ओतत की पहिल्या घासाला स्टोव्हची आठवण यावी. कोंबडी शिजली की नाही हे सुरीने टोचून बघणं त्यांना मंजूर नव्हतं. "टोचलं की रस जातो," ते म्हणत. "आवाजावरून कळतं." मग ते शेगडीवर कान वाकडा करून उभे राहत आणि कोंबडीने हुकूम दिला की तुकडे उतरवत. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. कोणी चुकून तिकडे निरखून बघितलंच, तर कोळसा ओला होता, वारा उलटा होता, कोंबडी म्हातारी निघाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मास्तरांचं अंगण खरंच थोडं वाकडं होतं, त्यामुळे त्यांची आणखीच सोय झाली होती.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिला स्वतःचं काम होतं, चष्म्याच्या दुकानात. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलत ती विचारायची, "आता? आणि आता? आता स्पष्ट दिसतंय?" पण चष्मेवाली बाई असं तिला कोणी म्हणत नसे. नवऱ्याचा धंदा शेपटासारखा तिला चिकटला होता, आणि नवऱ्याबद्दल तिचं जे मत होतं ते बघता हे शेपूट तिला चांगलंच बोचत होतं. तिला तो माणूस हास्यास्पद वाटे. मनातल्या मनात ती त्याच्या इतक्या सुंदर नकला करी की कधीकधी भांडी घासताना एकटीच हसे.

एकदा, फार पूर्वी, तिने म्हणून पाहिलं होतं, "अहो, यंदा मी भाजू का?"

मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "ज्या दिवशी माझा एक तरी पाहुणा तोंडावर सांगेल ना, की मास्तर, जमलं नाही, त्या दिवशी हा चिमटा तुझ्या हातात. तुझं ऐकून नाही. तू बायको आहेस. तुला माझं आजवर काय आवडलंय?"

तेव्हापासून ती त्या एका पाहुण्याची वाट बघत होती. चिमट्याचं तिला अप्रूप नव्हतं. पण वर्षातून एकदा घरी येणाऱ्या चार माणसांना खाण्यालायक काहीतरी वाढावं आणि त्यांतल्या एकाने तरी तिच्या बाजूने एक शब्द बोलावा, एवढं तिला फार हवं होतं.

माणसं तरी कोण? मागच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. एक वकील आणि त्यांची बायको, जी नवऱ्याचा विनोद पुरा व्हायच्या आतच हसायची. आणि मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे तिची नणंद. सगळे घरचेच म्हणायचे. मास्तर चिमटा घेऊन प्रत्येकापुढे जात आणि विचारत, "कसं झालंय?"

"वा!" डॉक्टर म्हणत. "यावर अपील नाही," वकील म्हणत. नणंद डोळे मिटून म्हणे, "आईच्या हाताची चव!" आई असती तर तिने वकिलांकडूनच अब्रुनुकसानीचा दावा लावला असता.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे येत नव्हतं. पण तिला त्यांचा राग येत नसे. मेजवानी उरकल्यावर तीच ताटं उचलायची. लिंबाच्या सालीखाली दडवलेले, हातरुमालात गुंडाळलेले, गुलाबाच्या कुंडीत पुरलेले तुकडे तिला सापडत, आणि ती ते गुपचूप गोळा करून टाकून देई. वाढताना सगळ्यात लहान तुकडे बघून त्यांच्या ताटात घाली. बिचारे, तिला वाटे, वर्षातून एकदा उपाशी राहतात, ते माझ्याकडे बघूनच ना? या एका विचारावर ती बाई वर्ष काढायची.

मास्तर तिच्यासाठी एक तुकडा बाजूला काढून त्यावर थाळी उपडी घालून ठेवत. "हा तुझा. सगळ्यात सरस." ती म्हणे, "नंतर खाते." नंतर तो शेजारच्या मांजराला जाई. मांजर वास घेऊन, मागचा पाय झटकून निघून जाई.

या वर्षी सरबतात घालायला बर्फ कमी पडला. "डॉक्टरांकडून आण जा," मास्तर म्हणाले. "आणि त्यांना सांग, यंदा नवीन मसाला आहे." ती डबा घेऊन मागच्या गल्लीतून गेली. पाहुणे यायला अजून अवकाश होता.

डॉक्टरांचं मागचं दार जाळीचं. आतून खसखस पिकल्याचा आवाज येत होता. ती हाक मारणार, तेवढ्यात तिला जेवणाचं टेबल दिसलं. भाताचं मोठं पातेलं, माशांचा रस्सा, काकडीच्या फोडी, आणि सगळे. डॉक्टर, वकील, वकिलांची बायको, नणंद. सगळ्यांची बोटं रश्श्याने माखलेली. वकील माशाच्या भांड्यावर कान वाकडा करून उभे होते, हातात डाव. "थांबा, थांबा," ते म्हणाले, "अजून बोलत नाहीये!" नणंद हसून हसून पदराने डोळे पुसत होती.

"पोटभर जेवा हो," डॉक्टरीणबाई भात वाढत म्हणाल्या. "तिकडे गेल्यावर काय मिळणार आहे?"

"मी तर दरवर्षी तुझ्या या जेवणासाठी सुट्टीची वाट बघते," नणंद म्हणाली.

जाळीबाहेर ती उभी होती आणि तिला राग आला नव्हता, हे खरं सांगायला हवं. उलट नक्कल तिला आवडली. एकच खोट होती, मास्तर उजवा कान नाही, डावा वाकडा करतात, आणि सोबत एक डोळा बारीक करतात. ती आत असती तर तिने करून दाखवलं असतं. सगळे लोळले असते.

"मास्तरीणबाईंचं कसं होतं हो?" वकिलांच्या बायकोने विचारलं. "त्या काय खातात?"

"त्या?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना चालतं. दोघं एकाच माळेचे मणी. वाढू का अजून?"

ती रिकामा डबा घेऊन परत फिरली. जाताना गल्लीत तिला स्वतःच्या चपलांचा आवाजसुद्धा नकोसा झाला. नवऱ्याला हसले याचं तिला काहीच नव्हतं. हसण्यासारखाच आहे तो. पण इतकी वर्षं हसण्याची पंगत बसते आणि तिचं पान मांडावं असं कोणाच्या मनातही आलं नाही? त्या नवऱ्याला सगळ्यात जास्त कोण हसत आलंय? आणि ही पोटभर जेवून येणारी माणसं उपाशी राहतात म्हणून ती कुंड्या उकरत होती!

"बर्फ?" मास्तरांनी विचारलं.

"संपलाय त्यांच्याकडचा," ती म्हणाली.

पाहुणे आले. डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत." वकील म्हणाले, "सुगंध तर गल्लीपर्यंत आलाय." ती हसली आणि वाढायला घेतलं. या वर्षी तिने तुकडे निवडले नाहीत. निवडले असतील तर उलटे. डॉक्टरांना दोन तंगड्या, वकिलांना छातीचा अख्खा भाग. कुंड्या तिने आधीच उचलून पायरीवर नेऊन ठेवल्या होत्या. हातरुमाल काढला की ती समोर हजर. "काय हवं? पाणी देऊ?" नणंद म्हणाली, "मला नको गं एवढं." ती म्हणाली, "वन्सं, आईच्या हाताची चव ना? मग लाजता काय?"

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई पोटावर हात ठेवून तिच्यामागे स्वयंपाकघरात आल्या. "बाई गं, काय हे! आज तुम्हाला झालंय तरी काय?"

"मघाशी बर्फाला आले होते तुमच्याकडे," ती कांदा चिरत म्हणाली. "जाळीपर्यंत."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. मग लगेच त्यांनी तिचा हात धरला, गोड आवाज काढला. "अहो, मग आत नाही का यायचं? पुढच्या वर्षी तुम्हीही या ना आधी. मास्तरांना सांगायचं, बर्फ आणायला जाते. इतकी वर्षं आम्हाला आपलं वाटत होतं की तुम्ही त्यांच्या बाजूच्या."

हेच तर तिला हवं होतं. तिचा जीव क्षणभर सुखावलाही, आणि त्या सुखावण्याचीच तिला किळस आली.

"मला बोलावायला तुम्हाला पोट फुटेपर्यंत खावं लागलं होय," ती म्हणाली. कांद्याची थाळी तिने उचलली. "चला. हे विचारायला निघाले असतील."

मास्तर निघालेच होते. चिमटा वर धरून ते डॉक्टरांपुढे उभे राहिले. "काय डॉक्टर, कसं झालंय?"

"वा!" डॉक्टर म्हणाले, पण घास घशात असल्याने तो शब्द घरंगळत आला.

"वकील?"

"यावर अपील नाही."

बायकोला विचारायची पद्धत नव्हती. तिने आपणहून उपडी थाळी सरळ केली, सगळ्यात सरस तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर त्याचा लचका तोडला. चावला. गिळला.

"कच्चं आहे," ती म्हणाली. "अहो, आतून कच्चं आहे. दरवर्षी असतं."

मास्तरांचा उजवा पाय गवतात दाबला गेला. पण वाक्य बोलून झालं होतं. ते हळूच पाहुण्यांकडे वळले. "कच्चं आहे?"

घंटा बांधून झाली होती. आता नुसतं, हो, वाजतेय खरी, एवढंच म्हणायचं होतं.

"छे छे!" डॉक्टर म्हणाले. "हाच तर खरा रस."

"वहिनींचं आपलं काहीतरीच," वकील म्हणाले, आणि त्यांची बायको हसली.

"हिला मेलीला पहिल्यापासून तुझं कौतुक नाहीच," नणंद म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. "मला तर बाई आवडलं," त्या ताटाला म्हणाल्या.

तिने एकेकाकडे बघितलं. दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसत नसतं आणि तरी म्हणतात, स्पष्ट दिसतंय, स्पष्ट दिसतंय. त्यांची तिला कीव येते. यांची येईना.

"आवडलंय ना?" ती म्हणाली. "मग वाढा त्यांना."

मास्तरांनी वाढलं. भरभरून वाढलं. नको म्हणायची सोय कोणीच ठेवली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते त्या दुपारी पाचही शहाण्यांना कळलं. वकिलांनी पट्टा सैल केला. नणंदेच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, या वेळी हसण्याचं नव्हे. पण कच्चं आहे असं एकानेही म्हटलं नाही. भीक नको पण कुत्रं आवर, असे चेहरे करून ते चावत राहिले.

मास्तर परत आले आणि तिच्यापुढे उभे राहिले. आता कोळसा ओला आहे हे ऐकावं लागणार, म्हणून ती तयार झाली. त्यांनी तिच्या हातातली थाळी घेतली. तिने तोडलेल्या जागी तुकडा गुलाबी दिसत होता. मास्तरांनी कान वाकडा केला नाही. डोळ्यांनी बघितलं, बराच वेळ.

"त्यांचं काय," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ते काहीही म्हणतील." आणि तिचा तो एकच तुकडा त्यांनी परत निखाऱ्यावर ठेवला.

"किती वेळ ठेवू?" त्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून त्यांनी कधी तिचं मत विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. माणूस अजूनही हास्यास्पदच दिसत होता. भुवयांवर राख होती.

"सांगते," ती म्हणाली. "चिमटा द्या इकडे."

त्यांनी दिला. मागून डॉक्टरीणबाई क्षीण आवाजात म्हणत होत्या, "आम्हाला पुरे हो, वहिनी, आता पुरे." तिने वळून बघितलं नाही. तुकडा उलटला, थोडा वेळ थांबली, मग कांद्याची सुरी घेऊन तो मधोमध टोचला. निखाऱ्यावर रस चर्र करत सांडला. मास्तरांनी थाळी पुढे धरली.